एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची पडताळणी: नसलेल्या मूल्यापेक्षा चुकीचे मूल्य महाग पडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एक्सप्रेस या वेब फ्रेमवर्कवर बांधलेल्या एका नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) सेवेत चाळीसेक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) आहेत आणि ती जिथे लागतील तिथे, म्हणजे पंचवीस-तीस फायलींत विखरून, थेट प्रोसेस.एन्व्हमधून (नोडमध्ये ती व्हेरिएबल जिथे मिळतात ते ऑब्जेक्ट) वाचली जातात. चाचणीच्या सर्व्हरवर ईमेल बंद ठेवण्यासाठी ‘फॉल्स’ लिहिले, तरी ईमेल जातच राहिले. पुढे एका डिप्लॉयमध्ये (नवा कोड सर्व्हरवर चढवताना) पेमेंट गेटवेची सीक्रेट की भरायची राहिली, आणि ते कळले दुसऱ्या रात्री, पहिला रिफंड अडकल्यावर. टाइपस्क्रिप्ट (मूल्यांचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट) असूनही असे का झाले, पडताळणीसाठी लायब्ररी घ्यावी की प्रत्येक ठिकाणी तपासणी लिहावी, आणि फ्रंटएंडलाही (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागालाही) हीच पद्धत लागू पडेल का, असे तीन उपप्रश्न त्यात आहेत.

आधी उत्तर सांगतो, मग कारणे. प्रत्येक ठिकाणी तपासणी लिहू नका, आणि लायब्ररी आणली म्हणजे प्रश्न सुटला असेही समजू नका. सगळी व्हेरिएबल एकाच फाइलमध्ये, एकदाच, सर्व्हर सुरू होण्यापूर्वी वाचा. तिथेच ती तपासा आणि संख्या, बूलियन (खरे किंवा खोटे), यूआरएल अशा खऱ्या प्रकारांत बदलून घ्या. एकही मूल्य पटले नाही तर प्रोग्रॅमने सुरू व्हायलाच नकार द्यावा. आणि बाकीच्या सर्व कोडने फक्त या तपासलेल्या ऑब्जेक्टकडे पाहावे, प्रोसेस.एन्व्हकडे नव्हे. लायब्ररी कोणती, हा प्रश्न यानंतरचा आहे. माझ्या मते बहुतेक संघ राहून गेलेल्या व्हेरिएबलची फार काळजी करतात आणि भरलेल्या पण चुकीच्या मूल्याची फारच थोडी. वास्तविक राहून गेलेले व्हेरिएबल शोधणे सोपे असते. चुकीचे मूल्य मात्र जावास्क्रिप्ट निमूटपणे गिळते आणि त्यातून काहीतरी चालण्याजोगे अर्थ काढते, म्हणून मी या उत्तराचा बराचसा भाग त्यालाच दिला आहे.

मुळात ऑपरेटिंग सिस्टीम प्रोसेसला सुरू करताना नाव आणि मजकूर अशा जोड्या देते. त्यात प्रकार नावाची गोष्टच नसते. तीन हजार ही संख्या, खरे-खोटे हा बूलियन, हे सगळे तिच्या लेखी अक्षरांच्या ओळी असतात. नोडमधील प्रोसेस.एन्व्ह दिसायला साधे ऑब्जेक्ट असले तरी त्याचे वागणे तसे नाही. त्यात काहीही ठेवले की त्याची स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) होते, इतकी की ‘अनडिफाइन्ड’ हे ‘काहीच नाही’ या अर्थाचे मूल्य ठेवले तर नऊ अक्षरांचा ‘अनडिफाइन्ड’ हा शब्दच तिथे जाऊन बसतो आणि पुढची ‘आहे का’ ही तपासणी त्याला खुशाल पास करते. चाचण्यांमध्ये एखादे व्हेरिएबल ‘पुसायचे’ म्हणून त्याला अनडिफाइन्ड देणारे अनेक जण इथेच फसतात. पुसायचे असेल तर डिलीट हाच मार्ग आहे. विंडोजवर नावांतील लहान-मोठी अक्षरे सारखीच धरली जातात आणि लिनक्सवर वेगळी, त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारे नाव सर्व्हरवर सापडत नाही, हाही नेहमीचा अनुभव. शिवाय प्रत्येक वाचनाच्या वेळी नोडला आतल्या मूळ कोडपर्यंत जाऊन मूल्य आणावे लागते, त्यामुळे दर विनंतीला शेकडो वेळा चालणाऱ्या कोडमध्ये ते वाचणे साध्या ऑब्जेक्टपेक्षा महाग असते.

आता तुमच्या ईमेलचे. ‘फॉल्स’ ही पाच इंग्रजी अक्षरांची स्ट्रिंग आहे, आणि जावास्क्रिप्टमध्ये रिकामी नसलेली प्रत्येक स्ट्रिंग सत्य मानली जाते. म्हणून ‘जर ईमेल सुरू असेल तर पाठव’ ही अट ‘फॉल्स’ लिहिल्यावर अधिकच निश्चितपणे पूर्ण होते. बूलियन या फंक्शनमधून ती स्ट्रिंग नेली तरी तेच. मी स्वतः एका जुन्या नोकरीत असाच एक दिवस काढला आहे. चाचणीच्या डेटाबेसमधील खऱ्या ग्राहकांना ‘तुमची ऑर्डर निघाली आहे’ असे निरोप गेले होते आणि आम्ही सकाळपासून दिलगिरी व्यक्त करत होतो. यावर सगळ्यांना पहिला सुचणारा उपाय म्हणजे स्ट्रिंग बरोबर ‘ट्रू’ आहे का हे पाहणे. तो अर्धाच उपाय आहे, कारण मग कोणी पहिले अक्षर मोठे लिहिले, कोणी ‘येस’ लिहिले, कोणी १ लिहिले, तर ती सुविधा मुकाट्याने बंद राहते, आणि जी बंद राहिली ती कदाचित रेट लिमिट (विनंत्यांच्या संख्येवरची मर्यादा) किंवा ऑडिट लॉग (कोणी काय केले याची नोंद) असू शकते. मी चारच मूल्ये मान्य करतो: ट्रू, फॉल्स, १ आणि ०. याखेरीज काहीही आले तर प्रोग्रॅम थांबतो. उदारपणे ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘येस’, ‘नो’ घेण्यास माझी हरकत नाही, पण यादीबाहेरच्या मूल्याचा अंदाज कोडने लावू नये.

याच ठिकाणी लायब्ररीचा भ्रमही दूर करतो. झॉड ही पडताळणीची लायब्ररी सध्या सर्वांच्या हाताशी असते आणि तिच्यात मूल्य ‘कोअर्स’ करून, म्हणजे जबरीने बदलून, बूलियन बनवण्याची सोय आहे. ती सोय आतून जावास्क्रिप्टचे तेच बूलियन फंक्शन वापरते, म्हणजे ‘फॉल्स’चे पुन्हा ट्रू होते. झॉडच्या चौथ्या आवृत्तीत स्ट्रिंगबूल नावाचा वेगळा प्रकार दिला आहे तो नेमका याच अडचणीसाठी. एन्व्हॅलिड ही केवळ एन्व्हायर्नमेंटसाठी लिहिलेली लायब्ररी आहे, तिच्यात बूलियन, पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो), यूआरएल असे तयार तपासक मिळतात. नेस्ट या फ्रेमवर्कच्या कॉन्फिग मॉड्यूलला जॉई या पडताळणी लायब्ररीचा स्कीमा (नियमांची मांडणी) देता येतो. यांपैकी काहीही चालेल. चाळीस व्हेरिएबलसाठी हाताने लिहिलेली सत्तर-ऐंशी ओळींची फाइलही चालेल. मात्र जे निवडाल त्याला रिकामी स्ट्रिंग, ‘फॉल्स’, ‘३० एस’ आणि शेवटी एक रिकामी जागा असलेले मूल्य देऊन ते काय करते हे एकदा डोळ्यांनी पाहा.

संख्यांच्या बाबतीत परिस्थिती आणखी वाईट आहे. रिकामी स्ट्रिंग नंबर फंक्शनला दिली तर एरर येत नाही, शून्य येते. समजा डॉकर कंपोजच्या (कंटेनर एकत्र चालवणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये पोर्टचे मूल्य दुसऱ्या एखाद्या व्हेरिएबलवरून घेतले आहे आणि ते व्हेरिएबल भरलेलेच नाही. कंपोज एक सूचना छापते आणि रिकामी स्ट्रिंग पुढे पाठवते. तुमच्या कोडमध्ये ‘पोर्ट नसेल तर ३०००’ हे दोन प्रश्नचिन्हांच्या ऑपरेटरने लिहिलेले असेल, तर तो ऑपरेटर फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच ‘नाही’ समजतो. रिकामी स्ट्रिंग त्याच्या दृष्टीने ‘आहे’. मग तिचे शून्य होते, आणि शून्य क्रमांकाच्या पोर्टवर ऐकायला सांगितले की ऑपरेटिंग सिस्टीम हाताला लागेल ते मोकळे पोर्ट देते. सर्व्हर सुरू होतो, ‘सुरू झाला’ असा लॉगही येतो, फक्त त्याच्याशी कोणालाच बोलता येत नाही. जुना दोन उभ्या रेघांचा ऑपरेटर इथे योगायोगाने बरोबर वागतो. म्हणून माझा पहिला नियम असा की एन्व्हायर्नमेंटमधील रिकामी स्ट्रिंग म्हणजे व्हेरिएबल नाहीच, हे पडताळणीच्या पहिल्या पायरीवरच ठरवून टाकावे आणि पुढच्या पायऱ्यांना त्याचा विचार करू देऊ नये.

पोर्टबद्दल आणखी एक गंमत सांगून पुढे जातो. कोणी चुकून शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाइप केला आणि ती स्ट्रिंग तशीच लिसन फंक्शनला दिली, तर नोड तिला पोर्ट न समजता फाइलचा मार्ग समजतो आणि चालू फोल्डरमध्ये त्या नावाचे युनिक्स सॉकेट (त्याच यंत्रावरील प्रोग्रॅमनी आपसांत बोलण्याची वाट) उघडून बसतो. पुन्हा एरर नाही. हे वागणे निरुपयोगी नाही. अझ्युअरवर आयआयएसनोडखाली (विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये नोड चालवणारे साधन) चालणाऱ्या ॲपला पोर्ट म्हणून खरोखरच नेम्ड पाइपचा, म्हणजे अशाच दुसऱ्या एका वाटेचा, मार्ग मिळतो, त्यामुळे तिथे ‘पोर्ट ही १ ते ६५५३५ मधील पूर्ण संख्याच हवी’ ही माझी आवडती अट लावली तर चांगले चाललेले ॲप बंद पडेल. नियम लावण्यापूर्वी आपण कुठे राहतो ते पाहावे लागते, ते असे.

वेळेची मूल्ये मी सर्वांत धोकादायक समजतो. टाइमआउटसाठी कोणी ‘३० एस’ असे लिहिले तर पार्सइंट हे फंक्शन त्यातले ३० उचलते आणि एकक टाकून देते, म्हणजे तीस सेकंदांचे तीस मिलिसेकंद होतात. नंबर फंक्शन वापरले तर नॅन (‘संख्या नाही’ असे मूल्य) मिळतो, आणि नोडमधील सेटटाइमआउटला (ठरावीक वेळाने काम सुरू करणारे फंक्शन) नॅन, एकपेक्षा लहान किंवा २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्या दिली की तो विलंब १ मिलिसेकंद धरतो. पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी किती थांबायचे हे सांगणारे ते मूल्य असेल, तर तुमची सेवा शेजारच्या सेवेवर दर मिलिसेकंदाला आदळत राहते. वरची मर्यादाही काल्पनिक नाही. ती जवळजवळ पंचवीस दिवसांची आहे, आणि ‘तीस दिवसांनी टोकन बदल’ असे टायमर लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. उपाय दोन. व्हेरिएबलच्या नावातच एकक घाला, ‘टाइमआउट_एमएस’ असे. आणि संख्या म्हणून फक्त अंकांनी बनलेली स्ट्रिंग स्वीकारून तिला किमान व कमाल मर्यादा लावा. मर्यादा ठरवताना थोडा विचार करावा लागतो, पण ‘या सेवेसाठी किती टाइमआउट वेडेपणाचा ठरेल’ हा प्रश्न कोणीतरी कधीतरी विचारायलाच हवा असतो.

यूआरएलच्या बाबतीत यूआरएल क्लासने एरर दिली नाही म्हणजे पत्ता बरोबर आहे, असे नव्हे. ‘लोकलहोस्ट:५४३२’ हे त्याला पूर्णपणे मान्य असते; तो ‘लोकलहोस्ट’ हाच प्रोटोकॉल समजतो. म्हणून प्रोटोकॉल स्वतंत्रपणे तपासावा. डेटाबेसच्या यूआरएलमध्ये पासवर्डात ॲट किंवा हॅशचे चिन्ह असेल तर ते पर्सेंट-एन्कोड केलेले हवे, नाहीतर होस्टचे नाव भलतीकडूनच सुरू होते.

कुबरनेटीसवर (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी व्यवस्था) असाल तर एक सापळा सांगणे भाग आहे. नेमस्पेसमध्ये (तिच्यातील एका विभागात) ‘रेडिस’ नावाची सर्व्हिस असेल तर कुबरनेटीस त्यानंतर सुरू होणाऱ्या पॉडमध्ये (ॲपच्या चालत्या प्रतीत) आपणहून ‘रेडिस_पोर्ट’ नावाचे व्हेरिएबल घालते, आणि त्याचे मूल्य ६३७९ नसते; ते टीसीपीने सुरू होणारा, आयपी पत्त्यासह पूर्ण पत्ता असते. तुमच्या ॲपलाही त्याच नावाचे व्हेरिएबल लागत असेल आणि तुम्ही ते भरायला विसरलात, तर ते ‘नाही’ असे कधीच दिसणार नाही. ते चुकीचे दिसेल. केवळ अस्तित्व तपासणारा कोड इथे हमखास हरतो. पॉडच्या स्पेकमध्ये (वर्णनाच्या फाइलमध्ये) ही आपोआप येणारी व्हेरिएबल, म्हणजे सर्व्हिस लिंक, बंद करता येतात; मी शक्यतो तेही करतो आणि नावांना सेवेचा उपसर्गही लावतो.

मूल्यांना चिकटून येणारा मळ कुठून येतो हे माहीत असले की शोधाशोधीचे तास वाचतात. डॉकर रन या आज्ञेला एन्व्ह-फाइल (व्हेरिएबलची यादी असलेली फाइल) दिली तर अवतरणचिन्हे मूल्याचाच भाग राहतात, आणि तीच फाइल डॉटएन्व्ह या लायब्ररीने वाचली तर ती काढून टाकली जातात. एकाच फाइलचे दोन अर्थ. विंडोजवर सेव्ह केलेली फाइल लिनक्सच्या शेलमध्ये सोर्स केली (वाचून चालवली) की प्रत्येक मूल्याच्या शेवटी न दिसणारे कॅरेज रिटर्न येते. कुबरनेटीसचे सीक्रेट बेस६४ मध्ये बदलताना साधी एको आज्ञा वापरली तर नवी ओळ आत जाते आणि पासवर्ड एका अक्षराने लांब होतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सेट आज्ञेने नोड_एन्व्हला (ॲप कुठल्या परिसरात चालते हे सांगणारे व्हेरिएबल) ‘प्रॉडक्शन’, म्हणजे खऱ्या ग्राहकांचा परिसर, हे मूल्य देऊन, एक जागा सोडून, पुढे दोन अँपरसँड लिहिले की ती जागाही मूल्यात शिरते आणि ‘प्रॉडक्शन’शी केलेली तुलना फसते. अवतरणचिन्हे सोडता या सर्वांवर ट्रिम करणे (कडेची रिकामी जागा कापणे) हा सरळ उपाय आहे आणि साध्या मूल्यांना मी तो लावतो. सीक्रेट मात्र मी ट्रिम करत नाही. त्याच्या कडेला रिकामी जागा, नवी ओळ किंवा अवतरणचिन्ह दिसले तर प्रोग्रॅम थांबवतो. कारण तेच सीक्रेट उद्या पायथॉनमध्ये लिहिलेली दुसरी सेवा वाचणार असते आणि तिथे माझा ट्रिम नसतो. मळ जिथे लागला तिथेच धुतलेला बरा.

डॉटएन्व्ह फाइल वाचण्याविषयी तीन गोष्टी पुरेत. पहिली, ईएस मॉड्यूलमध्ये (जावास्क्रिप्टच्या नव्या पद्धतीच्या फायलींत) सर्व इम्पोर्ट, म्हणजे इतर फायली आणणाऱ्या ओळी, आधी चालतात, म्हणून मुख्य फाइलच्या शरीरात कॉन्फिग फंक्शन बोलावले तरी तोवर बाकीची मॉड्यूल आपापली व्हेरिएबल वाचून मोकळी झालेली असतात. डॉटएन्व्हचे कॉन्फिग सर्वांत पहिले इम्पोर्ट म्हणून घ्या, किंवा नोडलाच ते काम द्या; २० व्या आवृत्तीच्या २०.६ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, नोडला एन्व्ह-फाइल हा पर्याय आहे, आणि फाइल असेल तरच वाचण्याचा पर्याय २२.९ मध्ये आला. दुसरी, डॉटएन्व्ह आणि नोड दोघेही एन्व्हायर्नमेंटमध्ये आधीच असलेल्या मूल्याला हात लावत नाहीत. हे योग्यच आहे, पण ‘फाइल बदलली तरी फरक पडत नाही’ या तक्रारीमागे बहुधा कधीतरी शेलमध्ये एक्स्पोर्ट केलेले जुने मूल्य असते. तिसरी, डॉटएन्व्हच्या १५ व्या आवृत्तीपासून अवतरणात नसलेल्या मूल्यातील हॅश म्हणजे टिप्पणीची सुरुवात. पासवर्डात हॅश असेल तर पासवर्ड तिथेच तुटतो. लांबी तपासली तर हेही सुरुवातीलाच पकडता येते.

टाइपस्क्रिप्टने का वाचवले नाही, याचे उत्तर छोटे आहे. नोडच्या टाइपमध्ये प्रत्येक व्हेरिएबल ‘स्ट्रिंग किंवा अनडिफाइन्ड’ असे प्रामाणिकपणे लिहिलेले असते. त्यावर उद्गारचिन्ह लावून ‘हे आहेच’ असे सांगणे, किंवा प्रोसेसएन्व्हचा इंटरफेस वाढवून तिथे निव्वळ ‘स्ट्रिंग’ लिहिणे, हे कंपायलरला दिलेले वचन आहे आणि चालताना त्या वचनाची आठवण ठेवणारे कोणी नसते. टाइप कंपाइल होताना पुसले जातात, मूल्ये त्यानंतर येतात. योग्य दिशा उलटी आहे: पडताळणी करणाऱ्या फंक्शनने जे परत दिले त्यावरून कॉन्फिगचा टाइप आपोआप ठरू द्या, तो हाताने लिहू नका.

आता ही फाइल कशी असावी ते. तिच्यातील मुख्य फंक्शनने प्रोसेस.एन्व्ह स्वतः न वाचता एन्व्हायर्नमेंट हे पॅरामीटर म्हणून घ्यावे. मग चाचणीत तुम्ही त्याला साधे ऑब्जेक्ट देऊ शकता आणि जागतिक स्थिती बिघडवण्याची गरज उरत नाही. पहिल्या चुकीवर न थांबता सगळ्या चुका गोळा कराव्यात, कारण एक दुरुस्त करून डिप्लॉय, मग दुसरी कळणे, मग पुन्हा डिप्लॉय, ही वारी रात्री दोन वाजता फार लांबते. चूक सांगणाऱ्या संदेशात व्हेरिएबलचे नाव, काय अपेक्षित होते आणि काय बिनसले एवढे असावे. मिळालेले मूल्य छापू नये, कारण लॉग पाहणारे लोक आणि सीक्रेट पाहण्याचा अधिकार असलेले लोक हे दोन वेगळे गट असतात. हे सर्व एरर प्रवाहावर छापून प्रोसेसने शून्येतर कोडने बाहेर पडावे. तयार झालेले ऑब्जेक्ट फ्रीज करा, म्हणजे ते कोणाला बदलता येणार नाही, पण फ्रीज फक्त वरच्या थरापुरते असते हे लक्षात ठेवून आतली ऑब्जेक्टही फ्रीज करा. आणि ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाच्या नोड प्लगइनमध्ये प्रोसेस.एन्व्हला बंदी घालणारा नियम आहे, तो सुरू करून फक्त या एका फाइलला सूट द्या. नाहीतर सहा महिन्यांत नवीन आलेला कोणीतरी पुन्हा थेट वाचायला लागतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

एकट्या व्हेरिएबलची तपासणी पुरत नाही, त्यांच्यातील नातीही तपासावी लागतात. ‘पेमेंट सुरू’ असेल तर की आणि वेबहुक सीक्रेट (गेटवेकडून येणारे निरोप खरे आहेत का ते पडताळणारे) दोन्ही हवीत. ‘पेमेंट बंद’ असेल तर ती नसली तरी चालतील. डीफॉल्ट कशाला द्यावा, याबद्दल माझे मत जरा कडक आहे. लॉगची पातळी, पानावर किती नोंदी दाखवायच्या, अशा गोष्टींना डीफॉल्ट असावा. डेटाबेसचा पत्ता, सीक्रेट, बाहेरच्या सेवेचा पत्ता यांना कधीही नाही. ‘काही दिले नाही तर लोकलहोस्ट’ ही सोय लॅपटॉपवर वाचवलेली दोन मिनिटे प्रॉडक्शनमध्ये दोन तासांनी वसूल करते. लॅपटॉपसाठी नमुना फाइल रेपॉझिटरीत ठेवा, तिच्यात खोटी मूल्ये भरा आणि ती तपासणारी एक चाचणी लिहा, म्हणजे नमुना आणि स्कीमा एकमेकांपासून दुरावणार नाहीत.

सुरू व्हायलाच नकार देणारी सेवा ऐकायला भीतीदायक वाटते, आणि ‘एका की साठी सगळे ॲप बंद पाडायचे का’ असा आक्षेप बैठकीत हमखास येतो. उलट आहे. रोलिंग अपडेटमध्ये (जुन्या प्रती एकेक करून बदलताना) रेडिनेस प्रोब (नवी प्रत तयार आहे का ही तपासणी) नीट असेल तर नवा पॉड उभा राहत नाही तोवर जुना काम करत राहतो. म्हणजे सुरुवातीला झालेली चूक ग्राहकापर्यंत जातच नाही, फक्त डिप्लॉय अडकते. तुमची चूक ग्राहकापर्यंत गेली ती नवा पॉड निरोगी दिसला म्हणून. त्याच्याही एक पाऊल आधी जायचे असेल तर हीच पडताळणी सर्व्हर न चालवता करणारी छोटी आज्ञा लिहा आणि डिप्लॉयच्या आधी ती त्या-त्या परिसराच्या खऱ्या मूल्यांवर चालवा.

नोड_एन्व्हला वेगळे वागवा. त्याचे मूल्य ‘स्टेजिंग’ करण्याचा मोह सर्वांना होतो, पण एक्सप्रेस, रिॲक्ट आणि इतर अनेक लायब्रऱ्या त्यात फक्त ‘प्रॉडक्शन’ शोधतात. स्टेजिंग लिहिले की एक्सप्रेस एररचा स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठे झाली याचा माग) थेट ब्राउझरला दाखवू लागतो आणि टेम्पलेटची कॅश बंद होते. म्हणजे जिथे प्रॉडक्शनसारखी चाचणी करायची तिथेच ॲप वेगळे वागते. तिथेही प्रॉडक्शनच ठेवा, आणि परिसराचे नाव सांगायला ‘ॲप_एन्व्ह’ असे आपले स्वतंत्र व्हेरिएबल ठेवा. जाता जाता: टीएलएस (सुरक्षित जोडणीच्या) प्रमाणपत्राची तपासणी बंद करणारे नोडचे व्हेरिएबल कोणीतरी ‘तात्पुरते’ ० करून ठेवते आणि विसरते. माझी पडताळणी प्रॉडक्शनमध्ये ते ० दिसले तर प्रोग्रॅम सुरूच करत नाही.

सीक्रेट एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवावे का, याबद्दल थोडेच. कॉन्फिग कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवण्याची शिस्त हेरोकू या क्लाउड कंपनीच्या मंडळींनी २०११ च्या सुमारास मांडली आणि तिने कोडमध्ये लिहिलेल्या पासवर्डांची मोठी घाण साफ केली. तरीही एन्व्हायर्नमेंट ही तिजोरी नव्हे. लिनक्सवर त्याच वापरकर्त्याला आणि रूटला प्रॉक फाइल सिस्टीममधून ती वाचता येते, डॉकर इन्स्पेक्टमध्ये ती दिसते, आणि चाइल्ड प्रोसेस सुरू केली की वेगळे सांगितले नाही तर सगळी व्हेरिएबल तिला मिळतात; प्रतिमा लहान करणाऱ्या एखाद्या बाहेरच्या आज्ञेला डेटाबेसचा पासवर्ड कशाला हवा? पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अधिकृत डॉकर इमेजने वापरलेला संकेत मला आवडतो: नावाच्या शेवटी ‘_फाइल’ असेल तर मूल्य म्हणजे सीक्रेटच्या फाइलचा मार्ग. तुमच्या वाचणाऱ्या फंक्शनला दहा ओळींत हे शिकवता येते, आणि दोन्ही रूपे एकाच वेळी भरली असतील तर तीही चूक धरावी.

फ्रंटएंडला हीच पद्धत लागू पडत नाही, कारण तिथे एन्व्हायर्नमेंट नावाची गोष्टच नसते. वीट वापरत असाल (हे बिल्ड टूल, नावाचा उच्चार आपल्या विटेसारखाच) तर त्याच्या नावाचा उपसर्ग असलेली व्हेरिएबल बिल्डच्या वेळी (ब्राउझरला द्यायच्या फायली बनवताना) कोडमध्ये मजकूर म्हणून चिकटवली जातात. नेक्स्ट या फ्रेमवर्कमध्ये ‘नेक्स्ट_पब्लिक’ या उपसर्गाचे तेच होते. याचे तीन परिणाम होतात. उपसर्ग लावलेले प्रत्येक मूल्य ब्राउझर उघडणाऱ्या कोणालाही वाचता येते, म्हणून तिथे सीक्रेट जाणे म्हणजे ते छापून वाटणेच होय. नाव चल म्हणून देऊन, म्हणजे चौकोनी कंसात, नेक्स्टमध्ये ते वाचू गेलात तर चिकटवणाऱ्याला ते ओळखू येत नाही आणि ब्राउझरमध्ये अनडिफाइन्ड मिळते. म्हणून सर्व्हरसाठी लिहिलेला, नावांच्या यादीवर लूप चालवणारा सुबक पडताळणी कोड इथे मोडतो आणि प्रत्येक नाव पूर्ण लिहावे लागते. आणि बिल्ड झाल्यावर मूल्य बदलता येत नाही. सर्व्हरवर व्हेरिएबल बदलून कंटेनर पुन्हा सुरू करणे निष्फळ असते. त्यामुळे पडताळणी बिल्डच्या वेळी, विटेच्या कॉन्फिग फाइलमध्येच, चालवा आणि चूक असेल तर बिल्ड पाडा. एकच इमेज चाचणी आणि प्रॉडक्शन दोन्हीकडे न्यायची असेल तर मूल्ये बिल्डमध्ये न घालता सर्व्हरने दिलेल्या छोट्या जेसन फाइलमधून पान उघडताना वाचा. तिची पडताळणी मग ब्राउझरमध्ये, ॲप रेंडर होण्याआधी करावी लागते.

तुमच्या चाळीस व्हेरिएबलकडे परत येतो. सगळे एकदम हलवू नका. आधी पूर्ण कोडमध्ये प्रोसेस.एन्व्ह शोधून यादी करा. माझा अनुभव असा की त्यातली पाच-सात कोणीच वापरत नसते आणि दोन-तीन एकाच गोष्टीची वेगवेगळी नावे असतात. मग नवी फाइल लिहा, पण पहिला आठवडा तिला फक्त इशारे छापू द्या, थांबवू देऊ नका. प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षे चाललेली काही मूल्ये तुमच्या नियमांत बसणार नाहीत आणि त्यांतील प्रत्येकाबाबत नियम चुकीचा की मूल्य, हे माणसाने ठरवायला हवे. त्यानंतर नकार देणे सुरू करा आणि फायली एकेक करून नव्या ऑब्जेक्टवर आणा. सुरुवात पेमेंटपासून करा. तिथे की आहे एवढेच पाहून थांबू नका. गेटवे रेझरपे असेल तर त्यांच्या की आयडीच्या सुरुवातीलाच टेस्ट किंवा लाइव्ह हा शब्द असतो, स्ट्राइपच्या सीक्रेट कीमध्येही तसेच आहे. ‘ॲप_एन्व्ह’ प्रॉडक्शन असेल तर लाइव्ह आणि इतरत्र टेस्ट, ही एक अट घाला. पुढच्या वेळी की राहिली तर डिप्लॉय अडकेल, आणि कोणी चाचणीच्या सर्व्हरवर खरी की चिकटवली तरीही अडकेल.